वळ आणि वळण

बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या मराठी कुटुंबाच्या सामानात काही वस्तू ठरलेल्या असतात. देवांचा डबा, पुरणयंत्र, दोन-चार सतरंज्या आणि पुस्तकांची एक लोखंडी पेटी. या पेटीतील पुस्तके दर बदलीला थोडी थोडी कमी होतात. काही कोणी वाचावयास नेऊन परत करीत नाही, काही वाळवीच्या स्वाधीन होतात, काही आपणच कंटाळून मागे ठेवितो. साने गुरुजींची 'श्यामची आई' मात्र पेटीत तशीच राहते. ती वाचली जातेच असे नाही; पण ती टाकून देण्याचे धैर्य कोणास होत नाही. महाराष्ट्राबाहेर मुलांना मराठी ठेवावयाची तर आरंभ याच पुस्तकापासून करावा असा आपणा सर्वांचा एक न लिहिलेला नियम आहे.

या पुस्तकाविषयी आज काही लिहावयाचे आहे, आणि त्याचे निमित्त सांगताना आम्हांस थोडा संकोच वाटतो. गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट. उत्तरेकडील ज्या शहरी सध्या आमचा मुक्काम आहे, तेथे रविवारी सायंकाळी घरात मराठी वाचन करावयाचे अशी आमची शिस्त आहे. आमच्या अकरा वर्षांच्या मुलासमोर 'श्यामची आई' उघडून ठेवली. त्याने अर्धे पान अडखळत वाचले, पुस्तक मिटले आणि शांतपणे सांगितले, "बाबा, मला हे वाचायचं नाही." आम्ही एकदा सांगितले, दोनदा सांगितले. तिसऱ्या वेळी तो हिंदीत उत्तरला. काय उत्तरला ते महत्त्वाचे नाही. मराठीत सांगितलेल्या गोष्टीला त्याने मुद्दाम हिंदीत उत्तर दिले, हे आम्हांस झोंबले. आमचा हात उठला. हातातून पडलेले पुस्तक जमिनीवर पालथे झाले. मातृप्रेमाचे महन्मंगल स्तोत्र म्हणून ज्याचा गौरव झाला ते पुस्तक मुलाने वाचावे म्हणून आम्ही मुलाला मारले होते!

त्या रात्री ते पुस्तक उचलून आम्ही स्वतःच वाचीत बसलो. शोधीत होतो ते आमच्या वर्तनाचे समर्थन, हे कबूल केले पाहिजे. श्यामच्या आईनेही श्यामला मारले होते, हे आम्हांस आठवत होते.

तो प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. कोकणात पावसाळ्यात विहिरीवर मुलांना पोहावयास शिकवितात. श्याम पाण्याला भितो आणि घरात लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, शिंपटी हातात घेते, आणि रडणाऱ्या, हात सोडवू पाहणाऱ्या मुलाला मारीत घराबाहेर घालविते. विहिरीवर मंडळी त्याला पाण्यात लोटतात, आणि ज्याची भीती होती ते प्रत्यक्षात तितके भयंकर नाही असे त्याला आढळून येते. तो रागातच घरी परततो. आई त्याच्यासाठी दही राखून ठेविते. मुलाच्या अंगावरील वळ पाहून तिचे डोळे भरून येतात, आणि आपला मुलगा भित्रा ठरू नये म्हणून आपण कठोर झालो हे ती त्याला समजावून सांगते. मुलगा विरघळतो.

साहित्यदृष्ट्या हा प्रसंग फार सरस उतरला आहे. मार, पाणी आणि दही या तीन गोष्टींत सगळे सांगून झाले आहे. म्हणूनच पिढ्यान् पिढ्या मराठी आईबापांनी त्याचा आधार घेतला. 'श्यामच्या आईनेही मारले होते', एवढे म्हटले की आपला धपाटा पवित्र होतो! परंतु त्या रात्री दुसऱ्यांदा वाचताना आमच्या ध्यानी आले की, ज्या आधाराच्या शोधात आम्ही आलो होतो तो येथे आपणांस मिळणारा नाही. श्यामने आईचा अपमान केलेला नाही. तो भ्यालेला आहे. आईचा हात आपल्या दुखावलेल्या मानासाठी उठत नाही. मुलाने एक विशिष्ट भय ओलांडावे म्हणून उठतो. ते भय कोणते, हे तिला ठाऊक आहे. विहिरीवर पोहणारी, सांभाळणारी माणसे आहेत, हेही तिला ठाऊक आहे. आणि मारून झाल्यावर ती दूर होत नाही. मुलाच्या रागाला तोंड देण्यासाठी वाट पाहत थांबते. यांतील एकही गोष्ट आमच्या त्या रविवारच्या प्रसंगी नव्हती. आम्ही मारले आणि पंखा लावून वर्तमानपत्र वाचावयास बसलो.

अवज्ञा कशी हाताळावी याचे उदाहरण याच पुस्तकात दुसरीकडे आहे, आणि त्याकडे आमच्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. पत्रावळीची रात्र वाचकांनी आठवावी. पत्रावळ लावावयास श्याम शिकत नाही, हट्टाला पेटतो. आई आपली अट सैल करीत नाही. पण तेथे शिंपटीही येत नाही. मार्ग निघतो तो मोठ्या बहिणीमुळे. ती त्याला जवळ घेऊन शिकविते, मुलाचा मान राहतो आणि आईचा शब्दही राहतो. हट्टी मूल आणि कठोर वडीलधारे यांच्यामध्ये एक तिसरे माणूस उभे असणे, हे या पुस्तकातील घराचे मोठे बळ आहे.

येथवर आम्ही पुस्तकाच्या बाजूने बोललो. आता एक आक्षेपही नोंदविला पाहिजे, कारण केवळ भक्तिभावाने वाचल्याने या पुस्तकाचे भले झालेले नाही.

'श्यामची आई' ही आठवणींच्या स्वरूपात आहे. प्रौढ श्याम रात्रीमागून रात्र आपल्या आश्रमातील सोबत्यांना या हकीगती सांगतो. ऐकणारे त्याच्यावर प्रेम करणारे आहेत. ज्या आईविषयी तो बोलतो ती हयात नाही. गुरुजींनी हे पुस्तक 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिले आणि ते 1935 साली प्रसिद्ध झाले. लिहिताना त्यांचे वय तेहतीस वर्षांचे होते, आणि त्यांच्या आईला जाऊन पंधराहून अधिक वर्षे लोटली होती. अशा अंतरावरून पाहताना माराचा अर्थ निश्चित झालेला असतो. वेदना विरून गेलेली असते आणि उपकार तेवढा उरलेला असतो. विहिरीकडे ओढत नेल्या जाणाऱ्या मुलाच्या मनात त्या क्षणी काय होते, हे प्रौढ श्याम सांगू लागतो तेव्हा त्याच्या तोंडी कृतज्ञता आधीच येऊन बसलेली असते. मुलाच्या रागाला तो चार-दोन वाक्येही मोकळेपणी देत नाही. आई कधी चिडते, थकते, दारिद्र्याने गांजून उगीचच मुलावर ओरडते, असेही येथे घडत नाही. तिचा प्रत्येक कठोर शब्द शेवटी शिकवण ठरतो. इतक्या हलाखीत संसार करणाऱ्या बाईला एकदाही अकारण राग येऊ नये, हे आम्हांस तिच्यावर अन्याय केल्यासारखे वाटते. गुरुजींनी आईला देव्हाऱ्यात बसविले, आणि देव्हाऱ्यातील मूर्तीला चुकण्याचा अधिकार नसतो.

या चित्राच्या शेजारी एक परदेशी लेख ठेवून पाहावा. प्राग शहरात राहणारा जर्मन भाषेतील लेखक फ्रान्झ काफ्का याने 1919 च्या नोव्हेंबरात आपल्या वडिलांना एक फार लांब पत्र लिहिले. ते वडिलांच्या हाती कधीच पडले नाही. ते छापून आले 1952 साली, पितापुत्र दोघेही निवर्तल्यानंतर. पत्र लिहिताना काफ्का छत्तीस वर्षांचा होता, म्हणजे 'श्यामची आई' लिहिणाऱ्या गुरुजींच्याच जवळपास वयाचा. दोघांनीही मध्यम वयाच्या उंबरठ्यावर उभे राहून बालपणाकडे वळून पाहिले, आणि दोघांचेही बोलणे ज्याला उद्देशून होते त्या माणसापर्यंत पोहोचले नाही. एकाची आई मरण पावली होती. दुसऱ्याचा बाप त्याच शहरात जिवंत होता.

काफ्काची एक आठवण अशी. तो अगदी लहान असताना एका रात्री पाण्यासाठी किरकिर करू लागला. तहान लागली होती असे नव्हे. काही चिडविण्यासाठी, काही स्वतःच्या करमणुकीसाठी, हे तोच प्रांजळपणे सांगतो. दटावून उपयोग होईना, तेव्हा वडिलांनी त्याला बिछान्यातून उचलले, चौकाच्या बाजूच्या सज्जात नेऊन ठेविले आणि दार लावून घेतले. अंगात फक्त रात्रीचा सदरा. काही वेळ तो तेथे एकटा उभा राहिला. मार नाही, वळ नाही. त्या रात्री शांतता मिळविण्याचा कदाचित तोच उपाय असेल, हेही तो मान्य करतो. त्यानंतर मूल आज्ञाधारक झाले. पण उगीच पाणी मागणे आणि काळोखात बाहेर काढले जाणे, या दोन गोष्टींचा मेळ त्या मुलाला आयुष्यभर घालता आला नाही. तो महाकाय पुरुष कोणत्याही रात्री जवळजवळ काही कारण नसताना येईल आणि आपणांस उचलून बाहेर नेईल, म्हणजे त्याच्या लेखी आपण कोणीच नाही, ही भीती कित्येक वर्षे राहिली.

याच पत्रात आणखी एक सूक्ष्म निरीक्षण आहे. वडिलांनी आपणांस प्रत्यक्ष मारले असे क्वचितच घडले, असे तो लिहितो. पण त्यांचे ओरडणे, लालबुंद होणारा चेहरा, विजारीचे खांद्यावरचे पट्टे घाईघाईने सोडून खुर्चीच्या पाठीवर तयार ठेवणे, हे माराहून भयंकर होते. 'आम्ही कधी मुलावर हात उगारीत नाही', असे समाधानाने सांगणाऱ्या सुशिक्षित गृहस्थांनी हा भाग अवश्य वाचावा. खुर्चीवर टाकलेला पट्टा अंगावर उमटत नाही, आणि तो दाखविताही येत नाही.

या दोन पुत्रांचे लेख समोरासमोर ठेविले की माराची मोजणी करून काही हाती लागत नाही, हे दिसते. एकाच्या अंगावर वळ उठले आणि तो कृतज्ञ राहिला. दुसऱ्याला बोटही लागले नाही आणि तो कायमचा जखमी झाला. फरक कोठे पडला? श्यामला घरी परतल्यावर दही मिळाले, म्हणजेच खुलासा मिळाला. काफ्काला तो मिळाला नाही. छत्तिसाव्या वर्षी त्याने तो स्वतःच लिहून काढण्याचा प्रयत्न केला. पण येथेही सावध राहावयास हवे. दह्याची वाटी पुढे केली म्हणजे शिंपटी क्षम्य होते, असा सोयीचा निष्कर्ष काढण्याचा मोह आम्हांसही झाला. त्या मोहातून आम्हांस सोडविले ते तिसऱ्या एका पुस्तकाने.

गांधीजींच्या आत्मकथेत टॉलस्टॉय आश्रमातील एक हकीगत आहे. 1910 साली दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गजवळ हा आश्रम स्थापन झाला, आणि तेथील मुलांना गांधीजी स्वतः शिकवीत. त्यांत एक मुलगा दांडगा, खोटे बोलणारा, भांडखोर होता. एके दिवशी त्याने फारच दंगा केला. समजूत घातली तर तो उलटला. गांधीजींनी जवळची आखणी उचलली आणि त्याच्या हातावर मारली. मारताना त्यांचे अंग कापत होते. मुलगा सतरा वर्षांचा, धट्टाकट्टा. त्याने उलट हात उगारला असता तर आश्चर्य नव्हते. पण तो रडला आणि त्याने क्षमा मागितली. पुन्हा त्याने अवज्ञा केली नाही.

एखाद्या सामान्य लेखकाने गोष्ट येथे संपविली असती. फळ मिळाले होते, क्षमा मागून झाली होती. परंतु गांधीजी पुढे लिहितात की, त्या दिवशी आपण मुलाला आपल्यातील आत्मा दाखविला नाही, पशू दाखविला. केवळ दुःख व्यक्त करण्यासाठी ती आखणी उठली असती तर गोष्ट वेगळी. पण तिच्यात राग होता, शिक्षा करण्याची इच्छा होती. हेतू मिश्र होता. आणि सर्वांत प्रामाणिक वाक्य त्यानंतर येते. त्या मुलात पुढे फार मोठी सुधारणा झाली असे आपणांस वाटत नाही. तो प्रसंग मुलगा लवकरच विसरला. शिकला तो शिक्षक!

मिश्र हेतू! आमच्या मते या विषयावर लिहिल्या गेलेल्या सर्व वाङ्मयात याहून उपयुक्त शब्द सापडणार नाहीत. मुलाचे वय किती झाले म्हणजे लाड थांबवून ताडन सुरू करावे, आणि केव्हा त्याला मित्र मानावे, हे सांगणारे संस्कृत सुभाषित आपण सर्वांनी पाठ केले आहे. त्यात वर्षांची गणती आहे. मारणाराच्या रागाविषयी अवाक्षर नाही. त्या सुभाषितातील बाप शांतपणे, जणू पंचांग पाहून मारतो. असा बाप आम्ही तरी पाहिलेला नाही. मारताना मुलाचे हितही मनात असते आणि आपला अपमानही असतो, आणि त्या क्षणी कोणाचा भाग किती हे सांगता येत नाही. ते सांगता येत नाही हीच हात आवरण्याची खरी कारणमीमांसा होय. याच आत्मकथेत त्याच्या उलट बाजूचाही प्रसंग आहे. पंधराव्या वर्षी मोहनने भावाच्या कड्यातील सोन्याचा तुकडा चोरला, आणि मग आजारी वडिलांच्या हाती कबुलीची चिठ्ठी दिली. शिक्षा भोगण्याची त्याची तयारी होती. वडिलांनी चिठ्ठी वाचली, त्यांच्या डोळ्यांतून अश्रू ओघळले, आणि चिठ्ठी फाडून ते पुन्हा आडवे झाले. मुलाच्या स्मरणात राहिले ते हे.

आता आपल्या घरांकडे वळू. आपण ज्या घरांत राहतो, त्यांत अक्का नाही. आजी नाही, काकू नाही, 'अरे, मारू नकोस, लहान आहे तो' म्हणून हात धरणारे शेजारचे वडीलधारे नाहीत. शासकीय वसाहतीत शेजारी आहेत. पण ते आपल्याच खात्यातील, आणि त्यांच्यासमोर घरातील आवाज बाहेर जाऊ नये अशी आपणांस चिंता. दार लावले की आत आईबाप आणि मूल, एवढेच उरतात. दर तीन वर्षांनी मुलाची शाळा बदलते, मित्र बदलतात, कधी भाषाही बदलते. त्याच्या मुळावर आपली नोकरी घाव घालीत असते आणि आपण त्याला मुळांचे महत्त्व सांगत असतो. शिवाय आपल्या हुद्द्याची एक खोड आहे, ती स्पष्ट सांगितली पाहिजे. दिवसभर कचेरीत आपल्या शब्दाला कोणी उलट उत्तर देत नाही. दिले तर टिपण लिहिता येते, खुलासा मागविता येतो. सायंकाळी घरी अकरा वर्षांचा एक नागरिक 'नाही' म्हणतो, आणि आपण त्याच्याकडे हाताखालच्या माणसाच्या अवज्ञेसारखे पाहू लागतो. आम्ही त्या रविवारी मराठीसाठी रागावलो असे आम्हांस वाटले होते. खरे पाहता आमच्या रागात मराठीचा वाटा लहानच होता.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास व मानसिक छळ करण्यास मनाई केली. ती कलमे अमलात आणण्याचे काम आपल्यापैकी कित्येकांनी चोखपणे केले आहे. आचार्य अत्र्यांनी 1953 साली 'श्यामची आई'वर काढलेल्या आणि राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळविलेल्या चित्रपटात मास्तरांच्या छडीवरचे एक गाणे आहे. सारा महाराष्ट्र ते हसत हसत गात आला. ती शाळेतील छडी कायद्याने काढून घेतली. घरातील हात मात्र ज्याचा त्याने आवरावयाचा आहे, आणि तेथे तपासणीसाठी कोणी वरिष्ठ येत नाही.

मराठीत 'वळ' आणि 'वळण' हे दोन शब्द शेजारी शेजारी राहतात. मुलाला वळण लावावे, असे आपण म्हणतो. आणि वळ उठला म्हणजे वळण लागले, असे समजतो. पण वळ दोन दिवसांत जातो आणि वळण वर्षानुवर्षे लागत राहते. जे दोन दिवसांत उमटते त्यातून जे जन्मभर टिकावयाचे ते निघेल, हा हिशेब कोणत्याही जमाखर्चात बसणारा नाही. श्यामची आई थोर ठरली ती त्या शिंपटीमुळे नव्हे. बेचाळीस रात्री सांगून संपत नाही इतका तिचा सहवास श्यामला लाभला. त्यातील एका सकाळची ती शिंपटी. आपण सहवास वगळतो आणि शिंपटी तेवढी उचलतो, हा दोष वाचकांचा आहे. पण त्या मारात राग थोडाही नव्हता असे भासविणे, हा दोष थोडासा पुस्तकाचाही आहे. गांधीजींनी आपल्याविषयी जे दोन शब्द लिहिले ते गुरुजींनी आईविषयी लिहिले असते, तर ती आई लहान झाली नसती. आपणां सर्वांच्या अधिक जवळ आली असती.

आमच्या मुलाविषयी सांगावयाचे राहिले. दुसऱ्या दिवशी कचेरीतून आल्यावर आम्ही त्याला सांगितले की, काल आम्हांस राग आला होता आणि आमचे चुकले. दह्याची वाटी वगैरे काही पुढे केली नाही. ते नाटक झाले असते. त्याने ऐकून घेतले. "मग आता ते पुस्तक वाचायला लागेल का?" असे त्याने विचारले, आणि विचारले मराठीत. आम्ही म्हणालो, नको. आम्ही वाचू, तुला वाटले तर ऐक. त्या रविवारी आम्ही पोहण्याची रात्र मोठ्याने वाचली. तो खिडकीपाशी आपले काही तरी करीत होता. वाचून संपल्यावर त्याने मान न वळविता विचारले, "विहिरीत उतरायच्या आधी आईने त्याला विचारलं का नाही, कशाची भीती वाटते म्हणून?"

या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधून आम्हांस सापडले नाही. त्याला आम्ही तसे सांगितले. मागच्या रविवारी आम्हीही त्याला विचारले नव्हते, हे सांगावयाचे धैर्य मात्र त्या दिवशी झाले नाही. ते येथे लिहीत आहोत.